कालनिर्णयाचं पान घेऊन बसले आहे, ताई

प्रिय आशाताई,

आषाढात तुम्ही भिजतच आमचे तीन जिने चढून आलात, तेव्हा मी तुम्हाला नीट बसासुद्धा म्हटलं नव्हतं. नवव्या आठवड्यात ठोके लागले नाहीत, पिशवी साफ करून घरी आले, त्याला दोनच दिवस झाले होते. सासूबाई चहा ठेवता ठेवता मला परत विचारत होत्या, पपई खाल्ली होतीस का. तुम्ही त्यांचाच हात धरून सांगितलंत, "आई, निम्म्याहून जास्त वेळा गर्भ जुळतानाच गुणसूत्रांची चूक झालेली असते. त्याला पपई लागत नाही आणि जिनाही लागत नाही." त्या दिवसापासून घरात तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही. ताई, हे उपकार मी कसे फेडू?

आणि ती पिशवी साफ केल्यानंतरच्या अठराव्या दिवसाची संध्याकाळ. हे सातपूरला सेकंड शिफ्टला गेले होते. मी मेडिकलमधून गुपचूप किट आणलं आणि दुसरी रेघ उमटली, फिकट, पण उमटली. आनंदानं थरथरत तुम्हाला फोन केला. तुम्ही अभिनंदन म्हणाला नाहीत. वीस मिनिटांत दारात होतात. आधीच्या गरोदरपणातलं हार्मोन रक्तातून पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात, तोवर किट खोटी आशा दाखवतं, हे तुम्ही इतक्या हळू आवाजात सांगितलंत, की मला रडायला जागा मिळाली. फोनवर सांगून मोकळ्या झाला असता तर मी त्या रात्रीचं काय केलं असतं, माहीत नाही.

मग महापालिकेच्या दवाखान्यात तुम्हीच मला नेलंत. ओळखीतलं कुणी सहा महिने थांब म्हणत होतं, कुणी लगेच. डॉक्टरबाईंनी समजावलं, की सहा महिन्यांचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 साली दिला होता, पण त्याआधी दिवस राहिल्यानं धोका वाढतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. एक पाळी येऊ द्यायची ती तारखांचा हिशोब लागावा म्हणून. पाळीच्या आधीही, अगदी दोन आठवड्यांतसुद्धा, बीज सुटू शकतं. फॉलिक अ‍ॅसिड तेव्हाच सुरू केलं.

पाळी एकोणचाळिसाव्या दिवशी आली. पुढची 36 दिवसांनी, त्यापुढची 31. मी घाबरले, कारण चौदावा दिवस सगळ्यांचा सारखाच असं मी धरून चालले होते. तुम्ही आमच्या ओट्यावर कालनिर्णय पसरलंत, पेन्सिल घेतलीत आणि पुढून नाही, मागून मोजायला शिकवलंत. पुढची पाळी जिथे आली तिथून साधारण चौदा दिवस मागे. म्हणजे त्या महिन्यात सतरावा दिवस. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे, कारण बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा स्राव दिसला की दिवस जवळ आले, हेही तुम्हीच सांगितलंत. बारा वर्षं पाळी येते आहे मला, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. तिलाही कुणी सांगितलं नसणार.

अजून दिवस राहिलेले नाहीत. परवा पुन्हा पाळी आली, तीस दिवसांनी. रडले, पण आधीसारखी नाही. तोंड धुऊन तारखेला गोल केला, मागे चौदा मोजले. सोळावा दिवस.

येत्या बुधवारी बाजाराला गंगेवर, गोदाकाठी, याल ना, तेव्हा वर या. हे पान तुम्हाला दाखवायचं आहे, आणि सासूबाईंनी तुमच्यासाठी अनारशांचं पीठ वेगळं काढून ठेवलंय. या वेळी बसल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुमचीच,
पंचवटीतली तिसऱ्या मजल्यावरची