अडकलेला पिस्टन, तुटलेली पिन आणि 'निकाली निघालेली' तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय : कॅलिपर दुरुस्ती संचातली पिस्टन काढायची पक्कड, सोबतचं माहितीपत्रक आणि हेल्पलाइनवरचा तिसरा फोन

महोदय,

तिसरा फोन ठेवून वीस मिनिटं झाली. राग ओसरला की लिहू असं ठरवलं होतं, पण तो आज काही ओसरत नाही, म्हणून आत्ताच लिहितो. हाताचं ग्रीसही अजून पुरतं निघालेलं नाही, त्यामुळे कागदावर डाग दिसले तर ते तुमच्याच कृपेचे समजा.

संचात काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको: चार सील (पिस्टनभोवतीची रबरी कडी), चार डस्ट बूट (धूळ-पाणी अडवणारी रबरी आवरणं) आणि पिस्टनच्या पोकळीत घालून फाकवायची ती पक्कड. गाडी १९६८ ची, पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक, फिरत्या चकतीला पॅडने दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या प्रत्येक कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, व्यास ५४ मिलिमीटर. गाडी बरीच वर्षं उभी होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, फाटलेल्या बुटातून वरचं पाणी आत शिरतं आणि सील व बूट यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात क्रोमखालून गंज फुटतो. पिस्टन तिथेच धरतो. हे काही जगावेगळं नाही. जुन्या गाडीचे ब्रेक उघडणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भेटतंच, आणि याच्यासाठीच तुमचा संच विकला जातो असं मी समजत होतो.

पत्रकातली पहिली पायरी : 'होज सोडवून कॅलिपर गाडीवरून उतरवा.' मी होज, म्हणजे ब्रेक ऑइल आणणारी लवचिक नळी, सोडवून तो उतरवला. इथेच फसलो. अडकलेला पिस्टन हलवायचं सगळ्यात चांगलं हत्यार गाडीतच असतं, ते म्हणजे ब्रेकचं पेडल. होज जोडलेली असताना पॅड काढून पेडल हळूहळू दाबलं, तर हवेच्या साध्या कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट दाब पिस्टनमागे येतो आणि पिस्टन सरकत सरकत बाहेर येतो. होज सोडली की ते हत्यार गेलं. तुमच्या पत्रकाने ते पहिल्याच ओळीत माझ्या हातून काढून घेतलं.

तिसरी पायरी : 'होजच्या भोकातून हवा मारा. पिस्टनसमोर जाड फडकं धरा.' धरा! हाताने! हिशेब करून पाहिलात का? ५४ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास २३ चौरस सेंटिमीटर. साध्या कॉम्प्रेसरचा दाब ७ बार धरला तरी पिस्टनवर १६० किलोच्या आसपास जोर येतो. शिवाय हवा दाबली जाते, आणि पिस्टन सुटला की साठलेली सगळी ताकद एकदम मोकळी होते. मी फडक्याऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवला म्हणून दहाही बोटांनी हे पत्र लिहू शकतोय. डावीकडचा पिस्टन सुटला तो त्या ठोकळ्यात अर्ध्या नखाएवढा रुतला. ठोकळा ठेवलाय जपून. हवा असल्यास पाठवतो, कार्यालयात दर्शनी भागात ठेवता येईल.

एक सुटला की दुसऱ्याचं काय, यावर पत्रकात अवाक्षर नाही. डावीकडचं भोक उघडं पडल्यावर हवा तिकडूनच निघून जाणार, उजवा पिस्टन कशाला हलतोय? म्हणून तुमची पक्कड घेतली. दातऱ्या पोकळीत फाकवल्या आणि पिरगाळायला सुरुवात केली. पाव वळसा झाला नसेल, कट् आवाज झाला. वाटलं, सुटला बुवा. सुटली होती पकडीची पिन, दोन तुकडे होऊन. ज्या कामासाठी पक्कड बनवली त्या कामाचा हा पाव वळसा.

पहिल्या फोनला तुमच्या माणसाने ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, संपलं. दुसऱ्या फोनला सल्ला मिळाला : 'कॅलिपरचे चार बोल्ट काढून दोन भाग वेगळे करा.' तुमच्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंय की हे बोल्ट उघडू नयेत. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते आपसात ठरवून कळवा.

आता तिसरा फोन. तो जसाच्या तसा देतो.

अकरा मिनिटं सनई ऐकल्यावर एक गृहस्थ आले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "सर, पिस्टन म्हणजे इंजिनचा ना?"

मी म्हटलं, "ब्रेकचा. कॅलिपरमधला."

"गाडी कितव्या सालची?"

"१९६८."

"सर, तेव्हाच्या गाड्यांना ड्रम ब्रेक असतात. तुम्ही चुकीचा संच घेतलाय."

मी म्हटलं, "अहो, कॅलिपर माझ्यासमोर टेबलावर आहे."

"सर, आमच्या सिस्टिमला तसं दाखवत नाही."

तेव्हा मी फोन टेबलावर ठेवला, कॅलिपर उचलला आणि शेजारी दोनदा आपटला. विचारलं, "ऐकू आला?" थोडा वेळ शांतता. मग : "सर, एकदा गाडी चालू करून ब्रेक मारून बघता का?"

वीस वर्षं मी स्वतःच्या गाड्या स्वतः उघडतोय. गाडीचं पुढचं चाक बाहेर, होज लोंबतेय, कॅलिपर टेबलावर. आणि गंमत म्हणजे सल्ला बरोबर होता! फक्त तो पत्रकाच्या पहिल्या पायरीच्या आधी हवा होता. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आपली समस्या सुटली ना सर?" आणि फोन ठेवताच एसएमएस आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया १ ते ५ गुण द्या.'

तुमच्या सिस्टिमच्या माहितीसाठी : १९५३ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली ती डिस्क ब्रेकवर. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढच्या चाकांना डिस्कच होत्या. माझी गाडी त्यानंतर तेरा वर्षांनी बनली. डिस्क नसलेल्या गाडीसाठी मी डिस्कच्या कॅलिपरचा संच घेतला असेल, तर तो मला विकलात कशाला, हाही प्रश्न उरतोच.

पिस्टन शेवटी मीच काढला, तोही या तिसऱ्या फोनच्या आधीच. सुटलेला पिस्टन जुन्या सीलसकट परत भोकात बसवला आणि सी-क्लॅम्प लावून जागच्या जागी दाबून धरला, म्हणजे जोर सगळा अडकलेल्यावर जाईल. जुन्या होजचं धातूचं टोक कापून, त्यात आटे पाडून ग्रीसचा निपल बसवला आणि ग्रीस गन, म्हणजे दाबाने ग्रीस भरायचा हातपंप, जोडली. हाताच्या ग्रीस गनला १०० बार म्हणजे काहीच नाही, आणि १०० बारला या पिस्टनवर दोन टनांच्या वर जोर येतो. आठव्या-नवव्या झटक्याला कडेचा गंज तपकिरी भुकटी होऊन सांडला आणि पिस्टन केसभर पुढे आला. मग प्रत्येक दाबाला थोडा थोडा. उडाला नाही, कारण ग्रीस हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन हलला की दाब उतरतो. हे चार वाक्यांत लिहिता येतं, आत्ता मी लिहिलंच. तुमच्या पत्रकात यासाठी जागा नव्हती, मात्र गाडीशेजारी हसत उभ्या असलेल्या कुटुंबाच्या फोटोला अर्धं पान होतं.

पुढचा मुद्दा गंभीर आहे, तो तरी नीट वाचा. पान ४ : 'नवीन सीलला ग्रीस लावून बसवा.' कोणतं ग्रीस? दुकानात साधं ग्रीस मागितलं तर खनिज तेलाचं मिळतं. तुमचे सील ईपीडीएम रबराचे आहेत, असं पाकिटावर तुम्हीच छापलंय. ईपीडीएम खनिज तेलात फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला धरून ठेवतं, ब्रेक चाकाला घासत राहतो, म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून संच घेतला तोच रोग नव्याने. मी याच खात्रीसाठी एक जुनं सील इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलं होतं. चार दिवसांनी ते आपल्या खाचेत बसेना. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावायचं किंवा ब्रेकच्या रबरासाठी बनवलेलं तांबडं ग्रीस. माझ्या ग्रीस गनचं ग्रीसही कॅलिपरच्या आतल्या वाटांमधून काढायला अख्खी दुपार गेली, स्पिरिट आणि पाइप क्लीनर घेऊन. आमच्यासारखे चार लोक हे जाणतात. पहिल्यांदाच संच उघडणारा तुमचं छापील वाक्य खरं मानून चालेल, आणि मग उतारावर त्याचं काय व्हायचं ते होईल.

मला पकडीचे पैसे परत हवेत. पहिली पायरी बदलायला हवी आणि पान ४ वरचं ते वाक्य उद्याच्या उद्या रद्द व्हायला हवं. पिन पाव वळशात तुटली हे मी पुन्हा सांगतो, कारण तीन फोनांत एकानेही ते लिहून घेतलेलं नाही. उत्तर अशा माणसाने द्यावं ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने कॅलिपरमधून पिस्टन काढलाय. असा माणूस तुमच्याकडे नसेल तर तसं कळवा, निदान खरं बोलल्याचं समाधान. पंधरा दिवस वाट पाहीन, मग वकिलाची नोटीस येईल आणि पकडीचे फोटो चार लोकांना दिसतील अशा ठिकाणी जातील.

याच नावाचे सील मी पूर्वी दोन गाड्यांना वापरले होते आणि ते अजून टिकून आहेत. म्हणूनच जास्त चीड येते.

पिनचे दोन्ही तुकडे सोबत चिकटवून पाठवत आहे. तुटलेली कड भिंगाखाली धरा. आत दाणेदार दिसेल, वाकल्याची खूणही नाही. 'तुम्ही जास्त जोर लावला' असं लिहिण्यापूर्वी एवढं करा.

आपला,
अजून तरी ग्राहक

ता. क. : खोक्यावर 'ग्रीस गनचा अॅडॅप्टर सोबत' असं छापलंय हे आत्ता खोकं फेकताना दिसलं. आत अॅडॅप्टर नव्हता. म्हणजे ही पद्धत तुम्हाला ठाऊक आहे!