वाढत्या अंगाचं जॅकेट नको: मुलांच्या लाइफ जॅकेटसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमच्या नौकाविहार मंडळाकडे मोठ्यांची लाइफ जॅकेट पुरेशी आहेत. अडतं ते लहान मुलांपाशी. मागच्या आठवड्यात पाचेक वर्षांच्या एका मुलीला आमच्याकडचं सर्वांत लहान जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले, तिला हात वर करायला लावले आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढलं. ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं. तिला हसू आवरेना. आम्ही मात्र तिला बोटीत घेतलं नाही. पाण्यात पडल्यावर असंच होतं: जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं.

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय इथे घातक ठरते. मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर ठरतं. आतल्या लेबलवर किलोची मर्यादा छापलेली असते. (मोठ्यांनी वजनाबरोबर छातीचं मापही बघावं. पोट सुटलेल्या मंडळींनी बक्कल लागतंय ना, तेही!)

तर मागणं असं. तुमच्या मुलांना आता लहान होणारी जॅकेट आम्हाला द्या. मानेमागे कॉलर, पायांमधून जाणारा पट्टा आणि पाठीवर उचलायला मूठ असलेली जॅकेट आधी हवीत. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते पाण्याबाहेर राहायला कॉलरचा आधार लागतो. देण्याआधी फोम दाबून बघा. दबलेलाच राहिला, तर ते जॅकेट कामातून गेलं. उसवलेलं जॅकेट कृपया घरी शिवून देऊ नका. दंडात घालायचे हवेचे फुगे आणि सिलिंडरने फुगणारी जॅकेट मुलांसाठी आम्ही घेणार नाही.

रोख देणगीही चालेल. त्यातून लेबलवर 100 हा आकडा (म्हणजे तरंगत ठेवण्याची ताकद, न्यूटनमध्ये) असलेली जॅकेट घेऊ. 50 ची जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तीही काठाजवळ. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची खात्री ती देत नाहीत.

शिवाय सुट्टीच्या दिवशी जॅकेट तपासायला दोन-तीन माणसं हवी आहेत. पोहता आलंच पाहिजे असं नाही, रडणाऱ्या मुलाचे पट्टे न चिडता आवळता आले की पुरे. वजनकाटा धक्क्यावरच ठेवला आहे.

आपले,
नौकाविहार मंडळाचे कार्यकर्ते