पेशी मोजून प्रतिकारशक्ती कळत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांत रोगप्रतिकारशक्ती बहुधा आकड्यांत सांगितली जाते: पांढऱ्या पेशी इतक्या, प्रतिपिंडे इतकी. त्या पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारी प्रथिने, पेशीच्या आत नीट जुळले का, हे राहूनच जाते.

बी पेशीचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीचा, रिसेप्टर म्हणजे पेशीपटलात रोवलेले प्रतिपिंडच: प्रथिनाच्या दोन जड साखळ्या, दोन हलक्या. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, जड साखळी तयार होते तेव्हा तिचा सीएच१ हा भाग घडी न पडता सैल राहिलेला असतो. असे उघडे भाग एकमेकांना चिकटले तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात. म्हणून बिप नावाचे शॅपरॉन, म्हणजे घडी बसेपर्यंत दुसऱ्या प्रथिनाला सांभाळणारे प्रथिन, तो भाग धरून ठेवते. हलकी साखळी आली की तिच्या आधाराने सीएच१ची घडी बसते आणि दोघींत गंधकाचा बंध तयार होतो. बिपची पकड सुटायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे संयुग, लागते. हलकी साखळी आलीच नाही, तर जड साखळी तिथेच अडते आणि पुढे पेशी तिची विल्हेवाट लावते. १९८३ मध्ये बिप सापडले तेही हलकी साखळी नसलेल्या कोवळ्या बी पेशींत.

या पहाऱ्याचा उत्तम दाखला उंट देतो. त्याच्या काही प्रतिपिंडांत सीएच१ नसतोच. बिपला धरायला जागा नाही, म्हणून ती हलक्या साखळीवाचून बाहेर पडतात. हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातूनच नॅनोबॉडी, म्हणजे अशा प्रतिपिंडांचे छोटे तुकडे, आल्या. माणसात मात्र सीएच१ गळालेली जड साखळी रक्तात उतरू लागली, तर तो ‘हेवी चेन डिसीज’ नावाचा आजार असतो.

टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या रिसेप्टरची जुळणी आणखी किचकट. अल्फा-बीटा या साखळ्यांच्या जोडीभोवती सीडी३ या सोबती साखळ्यांच्या दोन जोड्या आणि झीटा साखळ्यांची एक, अशा आठ साखळ्या एकत्र याव्या लागतात. कॅल्नेक्सिन हे दुसरे शॅपरॉन साखळ्यांवरची शर्करा पकडून घडीला वेळ देते. एकट्या पडलेल्या अल्फा साखळीच्या पटलातल्या भागात दोन धनभारित अमिनो आम्ले उघडी राहतात. सीडी३ आणि झीटाचे ऋणभार त्यांच्याशी जुळले नाहीत, तर ती प्रोटिअसोमकडे, म्हणजे नको असलेली प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेकडे, जाते. सीडी३ची गॅमा साखळी जन्मतः सदोष असेल, तर टी पेशी मोजणीत दिसतात, पण फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची प्रथिने चमकत्या रंगाने मोजणाऱ्या तपासणीत, त्यांच्यावरचा सीडी३ फिका येतो. म्हणून अहवालात टक्केवारीइतकीच ही तीव्रताही पाहावी.

विषाणूंचा आरएनए-डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर (टोल-लाइक रिसेप्टर) ३, ७, ८ आणि ९ या रिसेप्टरांना जालिकेतून एंडोसोमपर्यंत, म्हणजे पेशीने आत घेतलेल्या पदार्थांच्या पिशव्यांपर्यंत, नेणारा सोबती म्हणजे यूएनसी९३बी१ हे प्रथिन. २००६ मध्ये त्याचा जन्मजात अभाव असलेल्या मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली होती. इतर संसर्गांना मात्र ती नेहमीसारखी तोंड देत होती. साध्या रक्तगणनेत असा दोष दिसत नाही. रक्तपेशींना टीएलआरचे उत्तेजक देऊन त्या इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन सोडतात का, हे तपासावे लागते.

तेव्हा अशा मेंदूज्वराच्या बातमीत ‘मुलाची प्रतिकारशक्ती कमी होती’ एवढेच छापू नये, ही विनंती. वाचणारे आईवडील मग आहारात दोष शोधत बसतात. त्याऐवजी ताप, झटके आणि वागण्यात अचानक बदल दिसताच रुग्णालय गाठावे आणि शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू व्हावे, एवढे त्यांना कळू द्या.

आपला,
पेशीजीवशास्त्राचा एक अध्यापक, पुणे