तळघराबद्दल, शेवटचं

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोहोचल्याचा तुझा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे. निघायच्या आदल्या रात्री जेवता जेवता मी तुझ्या आर्किटेक्चरच्या थीसिसचा जो पंचनामा केला, तो करायला नको होता. परीक्षकांच्या ज्यूरीला आठ दिवस उरलेत, अशा वेळी बापाने "छान झालंय" म्हणून गप्प बसावं.

छान झालंच आहे. आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठी संग्रहालय, आणि छप्पर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्याचं. शीटवर मला ते कळलं नव्हतं. परवा सकाळी फिरायला गेलो तर खराच एक पाणकावळा खडकावर तसा बसलेला, तेव्हा एकदम दिसलं. सुधाकाकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, कोणत्या आर्किटेक्टचं रे? मी तुझं नाव सांगितलं, आणि पुढे काही बोलायलाच झालं नाही.

तू मोबाइलवर ते स्कॉटलंडमधल्या डंडीचं संग्रहालय दाखवलंस ना, टे नदीकाठचं, केंगो कुमा या जपानी आर्किटेक्टचं, 2018 मध्ये उघडलेलं. समुद्रकड्यासारखं दिसावं म्हणून सुमारे अडीच हजार दगडी पट्ट्या लावल्यात. पण त्या साच्यात ओतलेल्या आहेत गं, खाणीतल्या नाहीत. तुझ्याकडे खरा काळा दगड आहे, सीताबर्डीची टेकडीच त्याची. फक्त आपल्याकडचा मे विसरू नको. पंचेचाळीस अंशांत तापलेली दगडी भिंत रात्री अकरापर्यंत ऊब सोडत नाही, पश्चिमेला मध्ये पोकळी ठेवून दुहेरी भिंत घे. बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरव, नाहीतर घुण त्याचं पीठ करतो. त्याला जमिनीला टेकवू नको, खाली तळखडा दे. आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत...

झालं, लागलो पुन्हा शिकवायला. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस, सवय जात नाही. माफ कर.

तळघराचं मात्र बोलू दे. तू वस्तूंचं भांडार खाली ठेवलंयस, का तर वर लोकांना तलाव मोकळा दिसावा. "काहून एवढं घाबरता बाबा, वॉटरप्रूफिंग असतं ना," म्हणालीस. असतं. पण जिन्यातून उतरणाऱ्या पाण्याला त्याचं काय?

22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री तू पुण्यात होतीस. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरीचं ते 1870 चं धरण, शहराला पाणी पुरवायला बांधलेलं; तेच सांडव्यावरून ओसंडलं आणि नाग नदी आपल्या गल्लीत आली. आजीला मी पाठीवर घेऊन गच्चीवर नेलं, हे तुला माहीत आहे. जे सांगितलं नाही ते आता सांगतो. तुझी बालवाडीपासूनची चित्रं मी दिवाळीच्या आवराआवरीत वरच्या फळीवरून काढून दिवाणाखालच्या कप्प्यात ठेवली होती. जागा मोकळी व्हावी म्हणून. मीच. सकाळी कप्पा उघडला तर चिखलात कागदाचा लगदा, आणि वर तुझा तो जांभळा हत्ती, अर्धा. आईने विचारलं, तर म्हणालो, रद्दीत गेली असतील.

भिंतीवरची पाण्याची रेघ अजून आहे, स्विचबोर्डच्या चार बोटं खाली. रंगारी दोनदा आला, मीच परत पाठवला. तुझा सेक्शन, इमारतीचा उभा छेद, पाहिला की मला जोत्याच्या जागी तीच रेघ दिसते.

अजब बंगल्यात, आपल्या जुन्या संग्रहालयात, तुला पहिल्यांदा नेलं तेव्हा पेंढा भरलेले प्राणी बघून तू विचारलं होतंस, "हे रात्री कुठे झोपतात?" मी म्हणालो, इथेच, चांगल्या कोरड्या जागी. 1863 पासून चाललंय ते, बाई.

ठेव तुला हवं तिथे. डिझाइन तुझं आहे, ज्यूरीही तुझी. सर काय म्हणतात ते मला नाही तरी आईला कळव. आजी रोज विचारते, पोरीचा बंगला पास झाला का.

तुझा,
बाबा

ता.क. मॉडेल घरीच विसरलीस. शनिवारी सुधाकाकाच्या गाडीने पाठवतोय. सीटवर ठेव म्हटलंय, पायाशी नाही.