गळ्यातलं तपकिरी कापड

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

पुण्याला पोहोचले त्या रात्री फोनवर सगळं बोलले, एक गोष्ट सोडून. ती फोनवर बोलता आली नाही म्हणून हे पत्र.

बाबा, एमआरआयच्या खोलीबाहेर टेक्निशियनने अंगावर काही धातू ठेवू नका म्हणून सांगितलं. तुम्ही घड्याळ दिलंत, पट्टा दिलात, अंगठी साबण लावून काढलीत. गळ्यातल्या साखळीपाशी, पवित्र मरियेच्या त्या मेडलपाशी, मात्र हात थांबला. "हे राहू दे," म्हणालात. मागे लोक खोळंबले होते, मला घाई झाली होती. मी मागून साखळीचा फासा उघडला आणि म्हणाले, "लॉकेटच तर आहे बाबा, एवढं काय त्यात?" आणि ते पर्समध्ये टाकलं, किल्ल्या आणि सुट्या पैशांत. आई बाकावरून एवढंच म्हणाली, "काहून असं बोलतं वो?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. बाहेर आलात तेव्हा रिपोर्टचं विचारलं नाहीत. आधी गळ्याशी हात नेलात, मग माझ्यापुढे हात पसरलात आणि म्हणालात, "दे."

साखळी काढणं भागच होतं. पण तिला लॉकेट म्हणणं आणि तुम्हाला ती एकदा ओठांना लावूही न देणं, हे माझं चुकलं. मला माफ करा.

घरी येताना ऑटोत तुम्ही बाहेर बघत हळूच म्हणालात, "आत वाटलं, आत्ताच काही झालं तर गळ्यात काहीच नाही." मणक्याची गादी सरकलीय, ते औषधाने आणि व्यायामाने निभावेल. हे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. चाळीस वर्षं रोज जपमाळ करणारा माणूस त्या अर्ध्या तासात पवित्र मरियेने आपल्याला सोडलं असं समजून पडून होता. आणि तसं वाटायला मीही कारण झाले.

म्हणून इथल्या फादरांना भेटले, थोडं वाचलंही. तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात तेच आधी लिहिते. परंपरा अशी की १६ जुलै १२५१ रोजी कार्मेल मातेने, म्हणजे पवित्र मरियेने, कार्मेलाइट या संन्यासी संघातल्या सायमन स्टॉक यांना दर्शन दिलं, हातातलं स्कॅपुलर, म्हणजे खांद्यांवरून घालायचं तपकिरी कापड, दाखवलं आणि वचन दिलं : हे घालून जो मरेल त्याला सार्वकालिक अग्नी भोगावा लागणार नाही. या दर्शनाच्या लेखी नोंदी शंभरावर वर्षांनंतरच्या आहेत, त्यामुळे इतिहासकारांचे त्यावर वाद आहेत. त्या वादाने माझ्या मनाला काही झालं नाही. मला आवडलं ते स्कॅपुलर मुळात काय होतं ते. स्कॅपुला म्हणजे खांद्याचं हाड. मठातले संन्यासी शेतात, स्वयंपाकघरात राबताना झग्यावरून पुढे-मागे लोंबणारा एक लांब पट्टा घालत, झगा मळू नये म्हणून. ते कामाचं कापड होतं. पुढे ते कार्मेलाइटांच्या पोशाखाचा भाग झालं आणि आपल्यासारख्या संसारी माणसांसाठी लोकरीच्या दोन छोट्या तुकड्यांइतकं लहान झालं, एक छातीवर, एक पाठीवर. ते घालणं म्हणजे आपण त्या कुटुंबात सामील झालो, मरियेसारखं प्रार्थनेत राहायचं ठरवलं, अशी खूण.

बाबा, तुम्ही मालगाडी घेऊन इटारसीला, बल्लारशाला जायचात. घरी आल्यावर गणवेश खुंटीला लागायचा. म्हणून त्या रात्री तुम्ही ड्रायव्हर नव्हतात का? गळ्यातलं काढल्यावर तुमचा मरियेला दिलेला शब्द कुठे जाणार होता?

आपल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या मोठ्या ग्रंथात, परिच्छेद २१११ मध्ये, हे स्पष्ट लिहिलंय : मनाची तयारी बाजूला ठेवून नुसत्या बाह्य कृतीतच ताकद आहे असं मानलं तर ती अंधश्रद्धा होते. हे वाचताना मला आधी वाटलं की बरोबर मीच होते. मग लक्षात आलं की तुमच्याकडे मनाची तयारी पहिल्यापासूनच आहे. कमी होती ती माझ्याकडे, "एवढं काय त्यात" म्हणताना. परमगुरू, म्हणजे पोप, दुसरे जॉन पॉल यांनी २००१ साली कार्मेलाइटांना लिहिलेल्या पत्रात आपणही खूप काळापासून स्कॅपुलर घालतो असं सांगितलंय. इतका शिकलेला माणूस, आणि तेच तपकिरी कापड.

आता कामाचं. तुम्ही स्कॅपुलरचं कापड सोडून त्याऐवजी मेडल का घेतलंत ते मला आठवतं. मे महिन्यातलं नागपूर, त्यात इंजिनाची कॅब. लोकर घामाने भिजून मानेला घामोळं उठायचं, आई रात्री पावडर लावायची. तुम्हाला मनात सल होती की आपण सवलत घेतली. ती काढून टाका. पोप दहावे पायस यांनी १९१० साली कापडाऐवजी मेडलची परवानगी दिली ती उष्ण प्रदेशांतल्या मिशनऱ्यांकडून मागणी आली म्हणूनच. तिथे लोकर टिकत नव्हती. एका बाजूला येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला मरिया, ते तुमच्या गळ्यात आहेच. कापड घालावं हीच पोप पायस यांची पहिली इच्छा होती, पण तुमच्यासारख्यांचाही विचार झाला होता.

आणि कापडात धातू नसतो! पुढच्या तपासणीला मेडल घरी ठेवा आणि लोकरीचं घाला. आधी टेक्निशियनला विचारायचं, तो नको म्हणाला तर आईच्या हातात द्यायचं. या पत्रासोबत दोन पाठवतेय, सुती दोरीची. तुम्हाला पहिल्या ख्रिस्तशरीराच्या (कम्युनियनच्या) वेळी फादरांनी विधिपूर्वक स्कॅपुलर घातलं होतं, त्यामुळे हे घालायला पुन्हा विधी लागत नाही, इथल्या फादरांना विचारून घेतलंय.

आई, तुझ्याशीही बोलायचंय. त्या दिवसानंतर तू बाबांच्या गळ्यात संत बेनेडिक्टचं मेडल घातलंस, मग चमत्कारी मेडल, मग जपमाळही. उशीखाली काय ठेवलंयस ते मी चादर बदलताना पाहिलं. तू घाबरली आहेस, हे मला दिसतं. तुझ्या हातचं चमत्कारी मेडल माझ्या शाळेच्या स्लिपला सेफ्टीपिनने लागलेलं असायचं, परीक्षेला मी ते बोटांनी चाचपायची. कॅथरीन लाबुरे या सिस्टरला पॅरिसमध्ये १८३० साली ते दर्शनात दिसलं आणि १८३२ मध्ये, शहरात कॉलरा असताना, पहिली मेडलं वाटली गेली. तेव्हाही लोक घाबरलेलेच होते. पण त्याच्या कडेला शब्द कोरलेत ते म्हणजे प्रार्थना : निष्कलंक मरिये, तुझ्याकडे धाव घेणाऱ्या आम्हांसाठी विनंती कर. बेनेडिक्टच्या मेडलवरची अक्षरं तू मला विचारली होतीस. क्रुसावरच्या लॅटिन ओळींची ती आद्याक्षरं आहेत. पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो, सर्प माझा वाटाड्या न होवो. रात्री दिवा मालवताना तुम्ही दोघं ही ओळ म्हणा. बाबांच्या मानेला पट्टा लावायचा आहे, तिथे एकच गोष्ट राहू दे, आणि ती कुठली ते त्यांना निवडू दे. बाकीची वेदीपाशी ठेव, तिथे संध्याकाळी तुम्ही बसताच.

बाबा, कपाटातला बिस्किटांचा डबा मी उघडून पाहिला. झिजलेली, दोरे तुटलेली सगळी जुनी स्कॅपुलरं, इंजिनाच्या तेलाचे डाग असलेलीसुद्धा. टाकवत नाहीत म्हणून तुम्ही जपून ठेवलीत. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा मातीत पुरतात. १६ जुलैला कार्मेल मातेचा सण आहे, मी आदल्या रात्रीच्या गाडीने निघते. सकाळी मिस्साला तिघं जाऊ. मग अंगणातल्या लिंबाखाली खड्डा मी खणीन, तुम्ही वाकू नका, खुर्चीवर बसून एकेक माझ्या हातात द्या. तेलाचा डाग असलेलं एक मात्र मला हवंय.

तुमची
लाडकी लेक