बाबांना सिनेमा दाखव, आणि जत्रेची तारीख कळव

हॅरो, लंडन
रविवार, 7 डिसेंबर 2025

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आज सुट्टी. सकाळपासून पाऊस आहे, पण आपल्याकडचा नव्हे. नुसता मिरमिर करतो, छत्री उघडावी की नको तेच कळत नाही. कुकर लावलाय आणि लिहायला बसलेय.

दर रविवारी फोनवर तुझा एक प्रश्न ठरलेला, "नवीन काय इला गो बघण्यासारख्या?" मी सांगायला लागले की मागून बाबांचं तुणतुणं सुरू होतं. तू फोन स्पीकरवर ठेवतेस ना, तिथंच घात होतो. म्हणून या वेळी कागदावर. पानांचे फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकते, त्याच्याकडून वाचून घे. बाबा बागेत गेल्यावर. कारण यातलं अर्धं पत्र त्यांच्याविरुद्धच आहे.

आधी 'दशावतार' सिनेमा, आपल्याकडं जत्रेत रात्रभर चालतात त्या दशावतारी नाटकांतल्या नटाचा. सप्टेंबरपासून मी सांगतेय, बघा, आणि सप्टेंबरपासून बाबांचं एकच, "रातभर फुकट बघतंय, ता पैशे देवन कित्याक बघू?" आता तो झी फाइव्हवर आलाय, म्हणजे पैशांचाही प्रश्न उरला नाही. खरी अडचण मला माहीत आहे. मुंबईचा नट दशावतारी झालाय. तो चुकला तर बाबांना राग येणार, आणि नाही चुकला तर जास्तच येणार.

मी बघितला तो रात्रपाळी करून. सकाळी आठला सुटले, चार तास झोपले आणि दुपारच्या खेळाला गेले. शेजारच्या खुर्चीत देवगडचे एक काका होते, इथं येऊन चाळीस वर्षं झालेले. 'आवशीचो घो' हे गाणं लागलं आणि ते असे हसले की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. चौथीत असताना हाच शब्द तोंडातून गेला म्हणून तू मला पळीनं मारलं होतंस, आठवतं? आता त्याला चाल लावलीय, अजय गोगावले गातोय आणि लोक टाळ्या वाजवतायत. त्या पळीचा हिशेब कधीतरी करू.

दिलीप प्रभावळकरांना ऑगस्टमध्ये एक्क्याऐंशी पूर्ण झाली. सिनेमात ते बाबुली मेस्त्री आहेत. डोळे अधू होत चाललेत, मुलगा नको म्हणतोय, तरी तोंडाला रंग लावायचं ज्याला सोडवत नाही असा म्हातारा दशावतारी. मी बाबांचीच लेक, चुका काढायच्या तयारीनंच बसले होते. मालवणीचा हेल दोन-तीन ठिकाणी मुंबईकडं झुकला, तो मी टिपून ठेवलाय. पण रंग लावतानाची त्यांची बोटं बघ. आपल्या देवळामागच्या पडवीत स्त्रीपार्टी, बायकांची कामं करणारे पुरुष, बसायचे ना, आरसा गुडघ्यांत धरून, कानामागं विडी खोचून, एका हातानं भुवई ओढत आणि तोंडानं कुणाच्या तरी भातलावणीची चौकशी करत? मला आरसा धरायला सांगायचे आणि मी हलले की, "बाय, चांद हलवू नको" म्हणायचे. ती बोटं मला तिथं दिसली. घाई नाही, आणि आरशात स्वतःकडं बघून खूश होणंही नाही. कामाला बसलेल्या माणसाची बोटं.

उत्तरार्धात मात्र सिनेमा सिनेमासारखा होतो. जंगल, खाण, खाणवाले, मग अवतार आणि सूड. संगीत कानावर आदळत राहतं. पहिला अर्धा भाग मला दुप्पट आवडला. दिग्दर्शक सुबोध खानोलकर; आडनाव सांगितलंस की बाबा गाव ओळखतील आणि मग बघायला बसतील, ही युक्ती करून बघ.

मला राग कशाचा येतो माहीत आहे? 12 सप्टेंबरच्या त्याच शुक्रवारी 'आरपार' आला आणि 'बिन लग्नाची गोष्ट'ही आली. सगळा श्रावण उपास आणि एका दिवशी तीन घरची जेवणं! माणूस खाणार किती? 'बिन लग्नाची गोष्ट'मध्ये प्रिया बापट आणि उमेश कामत आहेत, खरेच नवरा-बायको, ते तुला आवडतील. 'आरपार' वहिनीला सांग.

'साबर बोंडं' मिळेल तेव्हा तू एकटीनं बघ. वडील वारले म्हणून मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकात गावी राहायला येतो, तिथं लहानपणचा मित्र भेटतो. दोघांमध्ये जे आहे ते प्रेमच आहे, गोल गोल करून सांगत नाही. फार हळू चालतो सिनेमा, कुणी रडारड करत नाही. सुतकात काय खायचं, कुठं झोपायचं, पायात काय घालायचं, सगळे सांगत असतात, आणि त्यातच लग्नाचंही टुमणं लावतात. तिथं मला तुझी फार आठवण आली, हे तुला मुद्दाम कळवते. रोहन कानवडे या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा सिनेमा. या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधलं सर्वांत मोठं पारितोषिक त्याला मिळालं. तिथं पोचलेला मराठीतला हा पहिलाच सिनेमा. गावात याची चर्चा होणार नाही, झाली तर भलतीच होईल. पण तुला कळेल असं मला वाटतं.

गेल्याच महिन्यात पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवात 'गोंधळ'साठी संतोष डावखर यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्यमयूर मिळाला. मी तो बघितलेला नाही, तेव्हा गप्प बसते. दादाला म्हटलं होतं, गोवा दोन तासांवर आहे, जाऊन ये. तो म्हणाला, सुपारी कोण काढणार.

आता वाईट बातमीकडं वळते. तुला ती कळलेलीच आहे. 27 ऑक्टोबरला 'वस्त्रहरण' नाटक लिहिणारे गंगाराम गवाणकर गेले. फोनवर बातमी दिसली तेव्हा मी ड्युटीवर होते. बरोबरच्या पोरीनं विचारलं, नातेवाईक का? मी हो म्हणून टाकलं. राजापूर तालुक्यातल्या माणसाला नातेवाईक म्हणायला काय हरकत आहे? आणि 'वस्त्रहरण' कुणाला सांगणार समजावून! गावातली माणसं महाभारत करायला जातात आणि काय काय होतं, एवढं सांगितलं तर ती म्हणाली, मग गंमत कशात आहे? गंमत 1980 पासून पाच हजारांवर प्रयोग होऊनही सांगता येत नाही अशीच आहे. सुरुवातीला नाटक चालत नव्हतं, पुलंनी बघून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि मग गाडं धावायला लागलं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घेऊन ते इथं लंडनलाही येऊन गेलं. तोवर मालवणी म्हणजे घरात बोलायची भाषा. चारचौघांत, निदान मुंबईच्या ट्रेनमध्ये तरी, आपली माणसं आवाज खाली करायची. आत्याच सांगायची ना, दादरला भाजीवालीशी मालवणीत बोलले की शेजारीण लांब सरकून उभी राहायची. 'वस्त्रहरणा'नंतर तीच शेजारीण आत्याकडून शिव्या शिकायला यायला लागली.

आणि आपल्या सप्त्यातलं नाटक? बाबा भीम, द्रौपदीला पाच साड्या लागणार, त्यातल्या चार तुझ्या. हिरवी इरकल परत आली ती काजळाचे पाच डाग घेऊन, एकेका बोटाचा एकेक. तू भट्टीचा साबण लावलास, लिंबू लावलंस, शेवटी तिची गोधडी शिवलीस. ती गोधडी माझ्या पलंगावर आहे. डाग अजून आहेत. दुःशासन कोण होता ते सांगत नाही, तो आता सरपंच आहे.

नाटकांचं बोलायचं तर 'पत्रापत्री'चा दौरा तिकडं आला तर सोडू नकोस. पुन्हा प्रभावळकरच, जोडीला विजय केंकरे. दोन मित्र एकमेकांना पत्रं लिहितात, बस्स. मारामारी नाही, सेट फिरत नाही. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृहात लागलं तर दादाला आधी तिकिटं काढायला सांग, आणि शेवटच्या एसटीचं बघून ठेव. मागच्या वेळी तुम्ही तिसरा अंक टाकून धावलात तसं नको. सयाजी शिंदेंनी 'सखाराम बाइंडर' पुन्हा उभं केलंय. तेही बघ, पण बाबांबरोबर नको. घरी आल्यावर आठ दिवस भांडाल.

मालिकांचं मला विचारू नकोस. 'रात्रीस खेळ चाले' लागायची तेव्हा आकेरीच्या वाड्यासमोर मुंबईच्या गाड्यांची रांग असायची, आणि तुम्ही सगळे अण्णा नाईकांना शिव्या घालत एकही भाग चुकवत नव्हता. तिथं मालवणी कानाला लागायची, कारण त्यात स्थानिक माणसं होती. आता स्टार प्रवाहवर 'कोण होतीस तू, काय झालीस तू' आहे, तेही कोकणातलंच. वहिनी बघते म्हणून मी पाच-सहा भाग बघितले. एकूण मालिकांतल्या कोकणाबद्दल माझी एकच तक्रार आहे: कुणाच्याच पायाला चिखल लागत नाही. यंदा दिवाळी संपली तरी पाऊस हटेना, कापलेलं भात मळ्यात कुजलं, आणि पडद्यावर मात्र अंगण सारवलेलं, कोरडं ठणठणीत.

रेडिओचं सांगितलं तर हसशील. रात्रपाळीत मला ब्रेक मिळतो दीडच्या सुमाराला. स्टाफरूममध्ये चहा करते, कानात घालते आणि आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर रत्नागिरी केंद्र लावते. 1 वाजून 35 मिनिटांनी तुमचे 7 वाजून 5 मिनिटं होतात आणि पुण्याहून प्रादेशिक बातम्या सुरू होतात. त्या वेळी तू चुलीपाशी असतेस आणि खिडकीतला ट्रान्झिस्टर हेच बोलत असतो, एवढं मला पुरतं. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा आला की मी उगाच खिडकीबाहेर बघते. बाहेर गाड्यांचा तळ आहे. एकदा श्रुतिका लागली होती, सासू-सुनेची, संपेपर्यंत ब्रेक संपला. सून शेवटी माहेरी गेली का, तुला काही कळलं असेल तर लिही.

आणि आपला खरा दशावतार. यंदा गंमत झाली, त्रिपुरी पुनव आणि रंगभूमी दिन एकाच दिवशी, 5 नोव्हेंबरला आले. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं म्हणून तो दिवस. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून नाटकांच्या शुभेच्छा फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी सोनुर्लीच्या जत्रेतली लोटांगणं, म्हणजे जत्रांचा हंगाम सुरू, त्याचा कुणी चकार शब्द काढला नाही.

हल्ली दशावतारी कंपन्यांची नाटकं यूट्यूबवर लाईव्ह दिसतात. तुमच्याकडं रात्री साडेअकराला पेटीवर सूर धरला की इथं संध्याकाळचे सहा. मी ड्युटीला निघते ती बसमध्ये फोन हातात धरूनच. बहुतेक 'संयुक्त दशावतार' असतो: याचा राजपार्ट, त्याचा स्त्रीपार्ट, तिसऱ्या कंपनीचा खलनायक, आणि जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त'. धूर येतो, नाग येतो, मुंडकं उडतं. बाबांना ते आवडत नाही, मला आवडतं; आठ वर्षांची असताना तो नाग आला असता तर मी झोपलेच नसते. मला खटकतं ते दुसरंच. आडदशावतार, म्हणजे कथानकाआधीचा भाग, गुंडाळतात. गणपती येतो न येतो तोच गेला, संकासुराला तर पाच मिनिटंही नाहीत. आणि कॅमेरा सगळा वेळ बाकड्यावर रोखलेला. खाजेवाली दिसत नाही, मागं झोपलेली पोरं दिसत नाहीत, पखवाजवाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आठ वाजता माझी पाळी सुरू होते, म्हणजे कथानक ऐन रंगात येतं तेव्हा फोन लॉकरमध्ये. सकाळी दादाला विचारते, "शेवटी कोण मेला?" तो म्हणतो, "राक्षस." दर वेळी.

आता कामाचं. इथं रजा फार आधी मागावी लागते. फेब्रुवारीचं वेळापत्रक या महिन्याच्या 20 तारखेला बंद होतं. मी कामावरच्या सिस्टरला सांगितलं, मला गावच्या जत्रेला जायचंय. ती म्हणाली, जरूर जा, तारीख लिही. तारीख काय लिहू? आपली देवी आंगणेवाडीच्या भराडीसारखी, कौल दिल्याशिवाय दिवस सांगत नाही. हे तिला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग अर्जावर पेन्सिलीनं "देवीकडून उत्तर यायचं आहे" असं लिहून ठेवलंन. पेन्सिलीनं, म्हणजे अजून वेळ आहे. तेव्हा बाबांना म्हणावं, मानकऱ्यांना गाठा आणि कौल कधी लावताय तेवढं तरी विचारा. देवीला घाई करू नका म्हणावं, पण माझी 20 तारीख कानावर घालून ठेवा.

दादाला, वहिनीला नमस्कार, बाबूला पापा.

तुझी,
बाय

ता. क. बाबांनी सिनेमा बघितलाच, तर तोंडातून पहिला शब्द काय निघाला तो जसाच्या तसा लिहून घे. तोच निघाला तर पळी लपव.