केमोच्या रात्री आणि स्वस्थ न राहणारे पाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्तनांच्या कर्करोगावर नेहमी काळजीपूर्वक लिहिलेले लेख येतात. गाठ कशी तपासावी, मॅमोग्राफी कधी करावी, केस गळाले तर काय करावं, हे सगळं मी वाचलं होतं, कात्रणंही ठेवली होती. पण उपचार सुरू झाल्यावर ज्या त्रासानं मला सर्वांत जास्त रात्री जागवल्या, त्याबद्दल त्यात एक ओळही सापडली नाही. माझे पाय आपोआप उडायचे. त्याबद्दल हे पत्र.

मला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध आठवड्याला एकदा, असे बारा डोस होते. तिसऱ्या डोसच्या रात्री पहिल्यांदा ते झालं. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटे. दुखत नसे, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. उठून खोलीत फेऱ्या मारल्या की थांबे, आडवं झालं की पुन्हा सुरू. पहाटे कधीतरी डोळा लागला की पाय स्वतःहून झटका देई. अंगठा वर उचलला जाई, घोटा वळे, गुडघा दुमडे. माझ्या नवऱ्यानं एका रात्री घड्याळ पुढ्यात ठेवून मोजलं. साधारण अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं हे चालू होतं. सकाळी मला त्यातलं काही आठवत नसे, फक्त अंग मोडून आलेलं असे.

'अशक्तपणा आहे', 'विचार फार करता तुम्ही', असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मीही ते मान्य करून टाकलं. एक कबूल करते, मी डॉक्टरांपासून हे मुद्दाम लपवलं. पायांचं सांगितलं तर डोस कमी करतील आणि गाठ परत येईल, ही भीती मनात घट्ट बसली होती. जिवावरच्या आजारात पाय उडण्याचं काय सांगायचं, असंही वाटे. केमो घेणाऱ्या किती बायका असं गप्प बसत असतील, या विचारानं मला आज वाईट वाटतं.

सहाव्या डोसला सलाईन लावताना डे केअरमधल्या नर्सबाईंनी माझे पाय हलताना पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले. 'चाललात की बरं वाटतं का? आणि कोणत्या रात्री जास्त होतं?' पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं. त्यांनी वही करायला सांगितली. किती वाजता सुरू झालं, त्या दिवशी कोणती औषधं पोटात किंवा शिरेतून गेली, एक पाय की दोन्ही, चालल्यावर थांबलं का, एवढंच लिहायचं. आणि झोपेतल्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, कारण डॉक्टर तपासतात तेव्हा पाय शहाण्यासारखे शांत बसतात.

दोन आठवड्यांच्या नोंदींतून डॉक्टरांना जे दिसलं, ते मला सहा डोस कळलं नव्हतं. मी 'पायांचा त्रास' म्हणत होते, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. रात्रीची वळवळ आणि झटके हा एक प्रकार, त्याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं आणि स्वीडनच्या एकबोम यांनी 1945 मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. दोघांच्या नावानं, विलिस-एकबोम आजार म्हणूनही, तो आज ओळखला जातो. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. दुसरा प्रकार बोटांना मुंग्या आणि बधिरपणा. तो पॅक्लिटॅक्सेलचा. पेशी विभागताना लागणाऱ्या सूक्ष्म नलिका हे औषध गोठवून टाकतं, म्हणून गाठ वाढत नाही. पण मज्जातंतूंनाही आपला माल टोकापर्यंत पोचवायला त्याच नलिका लागतात, आणि सर्वांत लांब मज्जातंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून सुरुवात तिथून होते. पेटके हा तिसरा प्रकार, तो मला नव्हता. मॅग्नेशियम कमी झाल्यानं तेही येऊ शकतात.

वहीत झटक्यांच्या रात्री डोसच्या दिवशी आणि नंतरच्या एक-दोन दिवशी दाटलेल्या होत्या. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन देतात, त्यानं पेंग येते. पण याच जातीची औषधं पायांची वळवळ वाढवतात. उलटीसाठी मी घरी मेटोक्लोप्रमाइड घेत होते. ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवतं, त्यानंही हेच होतं. डॉक्टरांनी दोन्ही बदलली. कोणी हे वाचून आपली आपण बंद करू नयेत. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन जिवाच्या रक्षणासाठी असतं, पर्याय डॉक्टरांनीच ठरवायचा.

मग फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं. अहवालात माझा आकडा 31 होता आणि पुढे 'नॉर्मल' छापलेलं होतं. पण पायांचा हा त्रास असेल तर 75 च्या खालीही लोह देण्याचा विचार करतात, हे मला तेव्हा समजलं. शिवाय शरीरात दाह असेल तर फेरिटिन उगाच जास्त दिसतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, ही लोहाचीच दुसरी रक्ततपासणी, पाहतात. मला शिरेतून लोह दिलं. काही आठवड्यांत रात्रीच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि एके सकाळी मी सलग पाच तास झोपून उठले. त्या सकाळी मी रडले.

बधिरपणासाठी शेवटचे दोन डोस थोडे कमी केले. ज्याची इतकी भीती वाटली होती तेच झालं, आणि ते योग्यच होतं. मज्जातंतूंची इजा फार पुढे गेली तर पूर्ण भरून येत नाही. मी आधी सांगितलं असतं, तर आज डाव्या पायाच्या बोटांना जमीन नीट जाणवली असती.

रोजच्या उपयोगाचं थोडं सांगते. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या आणि पाच मिनिटं मालिश केली की मला बरं वाटे. दुपारनंतर चहा-कॉफी बंद केली. सलाईनच्या खुर्चीत बसणं कठीण जाई, तेव्हा शब्दकोडं सोडवे. मन गुंतलं की पाय हलवायची ओढ कमी होते, हा माझा अनुभव आहे. गरम पाण्यात पाय ठेवण्याआधी मात्र पाणी कोपरानं तपासा, बधिर पायाला चटका कळत नाही.

आणि काही वेळा वही लिहीत बसायचं नाही. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला तर शिरेत गुठळी असू शकते, टॅमॉक्सिफेन ही स्तनांच्या कर्करोगावरची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पाठ दुखून पायातली शक्ती जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. हाडांसाठीचं इंजेक्शन घेतल्यावर ओठांभोवती मुंग्या आल्या आणि हाताची बोटं आखडली, तर कॅल्शियम घसरलेलं असू शकतं, तेव्हाही लगेच कळवावं.

आपल्या पुरवणीत मेंदूविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्याकडून यावर एक सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती. रुग्णालयांनाही एक विनंती आहे. प्रत्येक डोसआधी उलटी, ताप, जुलाब विचारतात, त्याच कागदावर आणखी एक ओळ असू द्या: 'रात्री पाय स्वस्थ राहतात का?' आणि तो प्रश्न रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही विचारा. माझ्या झटक्यांचा हिशेब माझ्या नवऱ्याकडे होता, आणि सहा डोस होईपर्यंत त्याला कोणीच काही विचारलं नव्हतं.

आपली,
एक वाचक